डोहाळ्यांची ताटं

सुकैनाला दिवस गेलेत ही बातमी एवढ्यात कुणालाच सांगायची नाही, असं तिच्या सासूने, हाज्जा तामूने, सकाळी ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या गल्लीला कळली. यात तामूचा काही दोष नव्हता. तिने फक्त भाजीवाल्याला विचारलं होतं, की सुनेला हल्ली लिंबू फार लागतंय, रोज ताजी आणशील का. पुढचं काम भाजीवाल्याने केलं.

एरवी आमच्या या साफी बंदरात अशा बातमीचं फारसं कौतुक नसतं. प्रत्येक गच्चीवर लंगोट वाळतच असतात. पण सुकैनाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि याआधी दोनदा पाळणा हलायच्या आधीच सगळं संपलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर ती कितीतरी दिवस गच्चीवर गेली नाही, ती त्या लंगोटांमुळेच. तेव्हा या वेळी गल्लीने मनावर घेतलं.

आमच्याकडे पोटुशी बाईच्या नाकाला सगळे भितात. तिला एखाद्या पदार्थाचा वास आला, मन झालं आणि तो पदार्थ मिळाला नाही, तर बाळाच्या अंगावर त्याच पदार्थाचा डाग उमटतो. मच्छीबाजारातल्या एका तोलाऱ्याच्या मानेवर वांग्यासारखा डाग आहे. त्याच्या आईला ज्या शेजारणीने वांगं दिलं नाही, ती बिचारी कधीच वारली, पण तिचं नाव अजून घेतलं जातं. आपलं नाव असं पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जावं हे कुणाला आवडेल? म्हणून ज्या घरात काही तळलं, भाजलं, शिजलं, त्या घरातून सुकैनाकडे एक ताट निघायचं.

सुकैनाला तर पाण्याचीसुद्धा मळमळ होत होती. पण ताट चाखलं नाही तर पाठवणारीचा अपमान, म्हणून ती एकेक घास घ्यायची आणि बाकीचं तिचा नवरा जवाद संपवायचा. जवाद कुंभारवाड्यात भट्टीवर कामाला होता. पाचव्या महिन्यात सुकैनाच्या आधी त्याचंच पोट दिसायला लागलं आणि भट्टीवरचे लोक त्याला, मुलगा की मुलगी, असं विचारू लागले. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर एकटेच राहायचे आणि त्यांना एकट्यापुरताच स्वयंपाक जमायचा. त्यांनी ताट पाठवायच्या धास्तीने मासे तळणंच सोडलं आणि उकडलेल्या अंड्यांवर दिवस काढायला सुरुवात केली. भीक नको पण कुत्रा आवर, असं सुकैनाला रोज वाटायचं. बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती.

फक्त एका घरातून काही आलं नाही, ते सुकैनाच्या आईच्या. रकिया लांब डोंगरात आपल्या गावी एकटी राहायची. लेकीची बातमी कळल्यावर तिने फोन केला, "बरी हायेस न्हवं? बरं," एवढं म्हणाली आणि ठेवून दिला. तामूने यावर बरंच तोंड वाजवलं. सुकैना म्हणाली, माझी आई तशीच आहे. लहानपणीही तिने सुकैनाला वेळेवर जेवू घातलं, केस विंचरले, शाळेत पाठवलं, पण मांडीवर घेतलेलं सुकैनाला आठवत नव्हतं. आपल्या हातून काहीतरी चुकलं असणार, असं लहानपणी तिला वाटायचं. पुढे असं वाटणंही तिने सोडून दिलं.

बकरी ईद जवळ आली होती. गच्च्यांवर मेंढे बांधले गेले होते आणि सगळी गल्ली ओरडत होती. अशा एका सकाळी समोरच्या फातिहाने सार्डिन माशाचे गोळे टोमॅटोच्या रश्श्यात सोडले. वास रस्ता ओलांडून सुकैनाच्या खिडकीत शिरला. फातिहाने लगबगीने ताट वाढलं, पण ते द्यायला घरात कुणी नव्हतं, पोरं शाळेत गेली होती. घरी होती फक्त धाकटी हिबा, कारण तिला ताप होता, नाक वाहत होतं आणि डोळे लाल झाले होते. शाळेत जायला ती आजारी होती, ताट द्यायला चांगली होती.

हिबा दोन्ही हातांनी ताट सांभाळत, जीभ बाहेर काढून, एक थेंबही न सांडता आली. सुकैनाला तिचं फार कौतुक वाटलं. तिने हिबाला मांडीवर घेतलं, तिचं नाक पुसलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बदामाच्या करंज्यांची बशी पुढे ठेवली. हिबा अर्धी करंजी खायची आणि उरलेली सुकैनाच्या तोंडात घालायची. असं करत दोघींनी बशी संपवली. त्या दिवशी सुकैनाला मळमळलं नाही. पोटातलं बाळही असंच कधीतरी मांडीवर बसेल असं तिच्या मनात आलं, आणि दृष्ट लागेल म्हणून तिने तो विचार घाईघाईने झटकला.

दोन दिवसांनी तामू मेंढ्याला पाला घालायला गच्चीवर गेली आणि समोरच्या गच्चीवर पाहते तो हिबा नखशिखान्त लाल कपड्यांत. लाल झगा, लाल टोपरं, खिडकीलाही लाल चादर. आमच्याकडे पोराला असं लाल एकाच कारणासाठी गुंडाळतात. तामूच्या हातातला पाला तिथेच पडला आणि तिने कठड्यावरून विचारलं, "फातिहा, पोरीला गोवर?"

"आज सकाळी उठले हो पुरळ," फातिहा म्हणाली आणि मग तिला ताट आठवलं. तिने तोंडावर हात ठेवला.

झालं. तामूने खाली येऊन दारं-खिडक्या लावल्या आणि हरमलच्या बियांचा एवढा धूर केला की गोवराचं माहीत नाही, पण जवाद घराबाहेर पळाला. तिकडे फातिहाच्या जिवाला घोर लागला. माफी मागायची तर रिकाम्या हाताने कशी मागणार? तिने मधाच्या पोळ्या केल्या आणि मोठ्या मुलीच्या हाती पाठवल्या. मोठी मुलगी त्या दिवशी घरी होती, कारण सकाळपासून तिचेही डोळे लाल होते. तामूने तिला उंबऱ्याबाहेरूनच पिटाळलं, ताट दारात राहिलं आणि गल्लीतल्या मांजरांनी त्याला न्याय दिला. आपलं ताट मांजरांना घातलं, असं फातिहाच्या कानावर गेलं. ती गल्लीच्या मध्यावर उभी राहून रडू लागली, की मी तुमचं वाईट केलं हे खरं, पण एवढी शिक्षा देऊ नका. सुकैनाने खिडकी किलकिली करून तिची समजूत घातली. "तुला काय माहीत होतं? तू मायेनंच पाठवलंस ना," असं ती म्हणाली.

आता कुणाच्याच पोराला सुकैनाच्या दारात यायची बंदी झाली. पण वास काही बंद झाले नव्हते. मग गल्लीने युक्ती काढली आणि ताटं दोरीला बांधून गच्चीवरून गच्चीवर सोडायला सुरुवात केली. वाटेत एक कालवणाचं भांडं मास्तरांच्या डोक्यावर उपडं झालं. बऱ्याच दिवसांनी मासे चाखायला मिळाले म्हणून मास्तरांनी तक्रार केली नाही.

सुकैनाला यातल्या कशाचंच हसू येत नव्हतं. ती पोटावर हात ठेवून बसून राहायची आणि दिवसातून दहादा आपलं कपाळ चाचपून बघायची.

तामूने तिला ज्यांच्याकडे नेलं त्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी तामूला बाहेर बसवलं आणि सुकैनाला सगळं नीट सांगितलं. पोटुशीला गोवर झाला तर तिचं दुखणं वाढतं आणि बाळ वेळेआधीच हातचं जाऊ शकतं. पण लहानपणी एकदा गोवर येऊन गेला असेल तर भ्यायचं कारण नाही, शरीर तो जन्मभर विसरत नाही. सुकैनाला लस टोचली होती का, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या गावचा रस्ता अर्धं वर्ष वाहून गेलेला असायचा, लसवाले कधी पोचले आणि कधी नाही, कोण सांगणार? रक्त तपासून कळलं असतं, पण तपासणारा ईदसाठी गावी गेला होता. संरक्षणाचं इंजेक्शन कासाब्लांकाला मिळालं असतं, तेही संसर्ग झाल्यापासून सहा दिवसांच्या आत घ्यायला हवं होतं. ईदच्या गर्दीत एवढा लांबचा रस्ता, आणि दोनदा पोट रिकामं झालेली बाई. डॉक्टरीणबाईंना तो प्रवास नको वाटत होता.

"पण यात अवघड काय आहे?" त्या म्हणाल्या. "आईला विचारा ना. पोराला गोवर आला होता की नाही हे आईला माहीत असतंच."

सुकैना डोक्याचा रुमाल नीट करत उठली.

घरी आल्यावर तिने फोन लावला. तामू आणि जवाद दोन्ही बाजूंनी कान लावून बसले. इकडे गच्चीवर मेंढा ओरडत होता, तिकडे रकियाचाही ओरडत होता.

"आई, मला लहानपणी गोवर आला होता का?"

पलीकडे बराच वेळ नुसता मेंढाच ऐकू येत राहिला. मग रकिया म्हणाली, "औंदा बार्लीचं काय खरं न्हाई," आणि फोन बंद झाला.

मग जवादने प्रयत्न केला. तो जावई, त्यामुळे त्याने आधी तब्येत विचारली, मग गाईची, मग विहिरीची, आणि अशा वळणाने गोवरापर्यंत आला. रकियाने त्याला गाईबद्दल आणि विहिरीबद्दल सविस्तर सांगितलं. गोवराचं नाव निघताच फोन ठेवला. शेवटी तामूने बाह्या सरसावल्या आणि विहिणीला मानाने 'लल्ला' म्हणत फोन लावला.

"लल्ला रकिया, हो की नाही, एवढंच सांगा. हो म्हणायला काय दात लागतात?"

त्यानंतर रकियाचा फोन लागेनासाच झाला. तामूचा संताप अनावर झाला. पोटच्या पोरीचा गोवर जी विसरते ती कसली आई, मला माझ्या सहाही पोरांची शिंक अन्‌ शिंक आठवते, असं ती भिंतीला सांगू लागली. तेव्हा सुकैनाने तिला थांबवलं.

"मला एक बहीण होती. इत्तो नावाची. माझ्याहून लहान."

एवढ्या वर्षांत तामूला हे माहीत नव्हतं. जवादला माहीत होतं, पण फक्त नाव.

"मला एवढंच आठवतं, की एका अंथरुणात आम्ही दोघी होतो आणि मग मी एकटीच होते," सुकैना म्हणाली. "कशाने गेली, घरात कुणी बोललं नाही. मी एकदा विचारलं, तर आईने डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि तशीच घराबाहेर निघून गेली. दिवसभर आली नाही. परत मी कधी विचारलं नाही."

तामूने डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. मग ती उठून म्हणाली, ठीक आहे, आपण कासाब्लांकाला जाऊ.

जवादने कुणाकुणाचे पाय धरून गाडी ठरवली. निघायच्या दिवशी सकाळी तामूने सुनेला हरीराच्या गरम सुपाची वाटी पाजली, दोन अंडी खायला लावली, वर खजूर दिले, आणि वाटेसाठी गल्लीने दिलेली ताटं बांधून घेतली. सगळे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार, तोच गल्लीच्या तोंडाशी एक टॅक्सी थांबली. तिच्यातून आधी एक कोंबडा बाहेर आला, मग पिठाची गोणी, आणि मग रकिया. पाठोपाठ ड्रायव्हर कान धरून उतरला. कोंबड्याने डोंगरापासून साफीपर्यंत त्याचा कान टोचून काढला होता, आणि हे तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

रकियाने कुणाचीच विचारपूस केली नाही. लेकीच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "परात कुठाय?"

आता हिला सांगायचं काय, की गाडी ताटकळते आहे? पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून तामूसारखी तामूसुद्धा निमूटपणे परात घेऊन आली. रकिया स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, आणलेलं बार्लीचं पीठ ओतलं आणि मळायला लागली. सुकैना समोर बसली. तामू आणि जवाद दाराशी उभे राहिले. कोंबडा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होता.

"आला व्हता," रकिया पिठाकडे बघत म्हणाली. "तुला गोवर आला व्हता. अंगभर. तळपाय सुदीक सोडलं न्हवतं."

तामूला एवढंच ऐकायचं होतं. ती झग्याचा घोळ उचलून, त्या वयात, एका दमात गच्चीवर पोचली आणि तिने जीभ हलवून असा काही आनंदाचा चीत्कार केला, की बंदरावरच्या कोळ्यांनी माना वर केल्या असतील. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. या गच्चीवरून त्या गच्चीवर बायका तसाच चीत्कार देऊ लागल्या. फातिहा लाल चादरीमागून बाहेर आली आणि रडत रडत सगळ्यांत मोठ्याने ओरडू लागली. लग्नाच्या वरातीलाही आमच्या गल्लीत एवढा गलका झाला नव्हता.

आणि खाली, त्या सगळ्या गलक्यात, रकिया सांगत होती.

"इत्तोला न्हवता आला. तुलाच आला व्हता. माझी जाऊ म्हणली, दोघींना एकत्र निजव, म्हंजी एकदाच काय ते उरकंल. पुना पुना कोन जागणार? समदं गाव तसंच करायचं. मी लाल कांबळं काढलं. इत्तो येत न्हवती, तिला खेळायचं व्हतं. मी तिला धरून आणली आन्‌ तुझ्या कुशीत घातली. ह्या हातांनी."

तिचे हात पिठात होते. ते थांबले नाहीत.

"तू चार दिसांत उठून बसलीस. ती न्हाई उठली."

जवादने मान खाली घातली. वरून पुन्हा एक चीत्कार आला आणि त्याला एकदम वर जाऊन सगळ्यांची तोंडं बंद करावीशी वाटली. पण त्याच्याच बाळाचा तो आनंद होता, आणि तोही त्यात होताच. काय करावं हे न कळून त्याने कोंबड्याला धरलं.

"आई," सुकैना म्हणाली, "त्या समोरच्या फातिहाला मी म्हटलं, तुला काय माहीत होतं? तू मायेनंच..."

"तिची पोरं जित्ती हायत," रकिया म्हणाली. "तिला म्हन."

रकियाने पिठाचा गोळा थापला, तव्यावर टाकला आणि त्याच्याकडेच पाहत राहिली. वरचा आवाज हळूहळू निवत गेला.

"तिला पुरून आले तवा तू चुलीपाशी बसली व्हतीस," ती म्हणाली. "मला बघून म्हणलीस, आई, भूक लागलीया, भाकर दे. मी न्हाई दिली. मला तुझा राग आला व्हता पोरी. ती तिकडं मातीत, आन्‌ ही भाकर मागती. मी उठून भाईर गेले. तुला जावंनं वाढलं." भाकरी तिने उलटली. "राग दुसऱ्या दिशी गेला. पर मग तुझ्याकडं बघायचं धाडसच झालं न्हाई मला. तू जगलीस ह्याचा मला कधी आनंद करताच आला न्हाई."

सुकैना आता रडत होती. तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तशी. रकियाने तिला जवळ घेतलं नाही. तिला ते येतच नव्हतं, इतक्या वर्षांत सवयच मोडली होती. तिचा हात एकदा लेकीच्या गुडघ्यापर्यंत गेला आणि पिठाचा आहे हे पाहून मागे आला.

सांगायचं राहिलं म्हणून सांगतो. कासाब्लांकाची गाडी परत गेली. ईदनंतर तपासणारा आला आणि रक्ताने तेच सांगितलं जे रकियाने सांगितलं होतं. हिबा आणि तिची बहीण दोघी बऱ्या झाल्या. मास्तरांनी मासे तळायला पुन्हा सुरुवात केली. पण हे सगळं पुढचं.

त्या सकाळी तामू गच्चीवरून उतरली ती मिठाईची बशी घेऊनच. शेजारणींनी दोरीवरून पाठवलेल्या तीन ताटांचा भार जिन्यात ठेवून ती हसतमुखाने दारात आली आणि आतलं बघून तिथेच थबकली. जवादने तिला खुणेने गप्प राहायला सांगितलं. तिने बशी हळूच कोनाड्यात ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिली.

रकियाने भाकरी तव्यावरून काढली. तिचे दोन तुकडे केले, एकावर ऑलिव्हचं तेल सोडलं आणि तो सुकैनासमोर धरला.

"भूक लागलीया?" तिने विचारलं.

सुकैनाच्या पोटात हरीरा होता, दोन अंडी होती, खजूर होते, आणि गेले कित्येक महिने अन्न म्हटलं की तिला भडभडून यायचं. तामूने सवयीने तोंड उघडलं, "अहो लल्ला रकिया, आत्ताच तर तिने..." आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य अर्धवट सोडलं.

"लागलीय," सुकैना म्हणाली.

तिने भाकरी घेतली आणि खाल्ली. गरम होती, घशाशी अडकत होती, तरी खाल्ली. रकिया एकेक घास जाताना बघत होती. तुकडा संपल्यावर तिने दुसरा पुढे केला, आणि सुकैनाने तोही खाल्ला.